सरोजचं अक्षर

मार्च आला की माझ्या बोटांना सुतळीचा वास यायला लागतो. कितीही हात धुतले तरी जात नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची ती पातळ पांढरी सुतळी. तिला धुळीचा, शाईचा आणि घामेजल्या हातांनी लिहिलेल्या कागदाचा वास असतो. हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून एक कडुनिंब आहे. या दिवसांत तो फुलतो आणि त्याची बारीक फुलं लायब्ररीच्या खिडकीतून सरळ तपासायच्या पेपरांवर येऊन पडतात. उगादीला, म्हणजे तेलुगू पाडव्याला, आंबटगोड-कडू पच्चडी करतात तिला लागतात म्हणून आमच्या बायका ती रुमालात वेचून घेतात. शाळा अर्ध्या दिवसाची होते, दुपारी बाराला रस्त्यावर ऊन मी म्हणतं, फाटकाबाहेर तिखटमीठ लावलेल्या कैऱ्यांची गाडी लागते. किती छान दिवस, असं कुणी म्हटलं की गेली पाच वर्षं माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे पेपर घरी नेऊन तपासायची पद्धत नाही. दहावीच्या बोर्डाआधीची आमची प्री-फायनल असते, तिचे सगळे पेपर लायब्ररीतल्या लांब टेबलाभोवती बसून तपासायचे, असा फार जुना रिवाज. वीस-बावीस जणी, तीन-चार सर, मधोमध पाण्याचे जग. कुणीतरी एखादं अफलातून उत्तर मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग हशा. डबे उघडले की चिंचेच्या भाताचा, पुलिहोऱ्याचा वास पार जिन्यापर्यंत जायचा. मराठी, तेलुगू, दखनी सगळं एकाच टेबलावर चालायचं, आणि एकाच वाक्यातसुद्धा.

माझ्या डाव्या हाताला सरोज. एकोणीस वर्षं तीच खुर्ची. बोधनकडच्या मराठी शेतकरी घरातली, लग्न होऊन तारनाक्याला आलेली, गणित शिकवणारी. माझं मराठी तिला फार पुस्तकी वाटायचं. “किती शुद्ध बोलायलीस गं, जरा हैदराबादी हो की,” म्हणून चिडवायची. मी मराठी शिकवते, म्हणजे ज्या मुलांना घरी मराठी बोलता येतं पण वाचताना घाम फुटतो त्यांना शिकवते, तेव्हा शुद्ध बोलणं ही माझी पोटापाण्याची गोष्ट आहे, असं मी तिला सांगायचे. ती “हौ, हौ” म्हणून माझ्या डब्यातलं लोणचं उचलायची.

गठ्ठा बांधला की त्यावर दोन सह्यांची चिठ्ठी लागते. मोजणारीची एक, आणि पुन्हा मोजून खात्री करणारीची दुसरी. नियम असा. पण आमच्यात दुसरी कधी मोजत नसे. “किती?” “त्रेचाळीस.” झाली सही. जिच्या गठ्ठ्यावर न मोजता सही करतो ती आपली, एवढा साधा हिशेब होता. एकोणीस वर्षांत सरोजचा एकही गठ्ठा मी मोजला नाही आणि माझा तिनं मोजला नाही.

आणि माझं एक कौतुक होतं. खोटी नम्रता कशाला, मला त्याचा फार गर्व होता. परीक्षेत मुलं जादा कागद घेतात, पुरवण्या; घाईत नंबर लिहायचं विसरतात, दोरा सुटतो, आणि तपासताना सात-आठ अनाथ पुरवण्या टेबलावर उरतात. मग कुणीतरी म्हणायचं, शैला मॅडमला दाखवा. मी कागद हातात घ्यायचे, एक नजर टाकायचे आणि सांगायचे, ही दहावी ‘ब’च्या श्रावणीची, ही त्या उंच इम्रानची. कधी चुकले नाही. मुलांचंच काय, स्टाफमधल्या प्रत्येकाचं अक्षर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सरोजचं तर विचारूच नका. इंग्रजी वायची शेपटी ती खालच्या ओळीत पार लांब ओढून डावीकडे वळवायची, आणि सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ मारायची. तिच्या हजेरीपटाकडे बघितलं तरी मला बरं वाटायचं.

पाच वर्षांपूर्वी माधवी मॅडम प्रिन्सिपल म्हणून आल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मी आज शपथेवर सांगेन. मोठ्या शाळेतून आलेल्या, कामाला वाघ, पण जिभेवर ताबा नाही. परीक्षेच्या दिवसांत तर त्यांचा पारा उन्हाच्या वरताण. आमची नजमा, विज्ञानाची, तेव्हा नवीनच लागलेली. बस अडकली म्हणून ड्यूटीला दहा मिनिटं उशिरा पोचली, तर मॅडमनी तिला वर्गाच्या दारात, चाळीस मुलांसमोर झाडली. नजमा पेपर वाटताना एकाच बाकावर दोन-दोन पेपर ठेवत होती, आणि मुलं माना खाली घालून ते बघत होती.

त्याच आठवड्यात मॅडम कुठल्याशा प्रशिक्षणाहून आल्या आणि येताना पेटी घेऊन आल्या. पांढरी, पत्र्याची, वर फट, बाजूला छोटं कुलूप. स्टाफरूमच्या भिंतीवर टांगून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, माझ्याबद्दल, शाळेबद्दल जे वाटतं ते लिहा, नाव घालू नका, मला आपल्यात विश्वास हवा आहे. बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. खोटं नव्हतं ते. आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाव न घालता लिहा, आणि कुणाला सांगताय तर जन्मभर एकमेकींची अक्षरं बघत बसलेल्या बायकांना. कुणी उघड हसलं नाही, पण त्या दिवसापासून तिचं नाव डब्बा पडलं.

डब्ब्यात एकच चिठ्ठी पडली.

त्या दिवशी सरोज दुसऱ्या मजल्यावर सुपरव्हिजनला होती. मी लायब्ररीत, समोर अनाथ पुरवण्या. माधवी मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी माझं कौतुक ऐकलं होतं, प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. मी काय, आयतं मैदान मिळालं. एकेक कागद उचलते, नाव सांगते, ठेवते. मॅडम लहान मुलीसारख्या हसत होत्या. पाच झाल्या, सहा झाल्या. मग त्यांनी पुढ्यात एक कागद ठेवला.

“और ये किसका है, मॅडम?”

“सरोजचं,” मी म्हटलं.

अर्धा सेकंद लागला असेल. पाच वर्षं मी स्वतःला समजावत आले की मला बेसावध गाठलं, बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलं, यात माझा काय दोष. साफ खोटं आहे. ती पुरवणी नव्हती, वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा होता, आंधळ्यालाही कळलं असतं. पहिली इंग्रजी ओळ मी वाचलीसुद्धा होती. ‘तुम्ही मुलांसमोर आम्हाला बोलता, तेव्हा नंतर त्याच मुलांपुढे उभं राहताना आमचे पाय लटपटतात.’ वाचली, वायची शेपटी बघितली, आणि ओळखता आल्याचा मला आनंद झाला. तो आनंद आधी आला आणि अक्कल मागून आली. मॅडम “थँक्यू” म्हणाल्या, कागद घडी करून घेऊन गेल्या. निंबाचं एक फूल माझ्या मनगटावर पडलं होतं, ते मी किती वेळ तसंच बघत बसले.

मॅडमनी सरोजला बोलावलं ते रागवायला नव्हे. दार लावून, पाणी देऊन, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, मला सविस्तर सांगा, असं त्या म्हणाल्या. हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या विश्वास बांधतायत. पण सरोजला त्या खोलीत एकच गोष्ट कळली, की नाव न घातलेल्या कागदावर तिचं नाव कुणीतरी घातलंय. आणि ते घालू शकणारी अख्ख्या शाळेत एकच बाई होती.

ती लायब्ररीत परत आली. टेबलावरच्या पुरवण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“किती वेळ लागला?” तिनं विचारलं.

मी “कशाला?” म्हटलं. तेवढंच सुचलं मला. तिनं माझा गठ्ठा पुढे ओढला, सुतळी सोडली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. त्रेचाळीस पेपर तिनं अंगठा ओला करून करून मोजले, आणि मग सही केली. मग तिनं डबा उचलला आणि पार टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी मॅडम झाले, तुम्ही झाले.

असं काही फुटलं की एकदम आवाज होतो असं आपल्याला वाटतं. कसला आवाज? पुढच्या वर्षी सगळ्याच जणी गठ्ठे मोजायला लागल्या, एवढंच. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. उत्तरं मोठ्यानं वाचणं बंद झालं. डबे ज्याचे त्याचे. डब्ब्यात कधीमधी एखादी चिठ्ठी पडायची ती कॅपिटल अक्षरांत किंवा डाव्या हातानं खरडलेली, मग टाइप केलेली, मग तीही बंद. आणि सरोजनं आपलं अक्षरच टाकून दिलं. मुलांच्या वह्यांतले शेरे, हजेरीपट, सगळं छापल्यासारखं, एकेक अक्षर सुटं. वायची शेपटी गेली, सातवरची रेघ गेली. तिच्या वर्गातल्या वह्या माझ्या टेबलावर आल्या की मी आशेनं उघडायचे. प्रत्येक वेळी ते परकं अक्षर बघून मला रडू यायचं, आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळायचं.

माधवी मॅडम दोन वर्षांनी गेल्या. जाताना माझ्या टेबलाशी बसून म्हणाल्या, शैला मॅडम, मी एवढा प्रयत्न केला, माझं चुकलं कुठे? मी त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. संस्थेच्या कमिटीनं सगळ्यांत जुनी म्हणून मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, आणि ड्रॉवरमधली डब्ब्याची छोटी किल्ली माझ्याकडे आली.

आता त्या खुर्चीचं काय सांगू. मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. सगळ्या उठून उभ्या राहतात, ज्यांच्याबरोबर मी वीस वर्षं एकाच ताटातली मिरची भजी खाल्ली त्यासुद्धा. काही अडचण आहे का, विचारलं की सब ठीक है मॅडम. मुलं ठीक, पंखे ठीक, टाइमटेबल ठीक. इतकं ठीक कुठलीही शाळा नसते, हे मला कळत नाही का? दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी डब्बा उघडायचे. रिकामा. आत बोट फिरवून बघायचे, एखादा कागद कोपऱ्यात अडकला असेल म्हणून. धूळ यायची बोटाला.

शेवटी गेल्या मार्चमध्ये मला ते असह्य झालं. सरोज एप्रिलअखेर शाळा सोडणार होती. गुडघे दुखतात, तारनाक्याहून रोजचा बसचा प्रवास झेपत नाही, म्हणून अर्ज दिलेला. पेपर तपासायचा शेवटचा दिवस होता. मी लांब टेबलाच्या टोकाशी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की चार वर्षांपूर्वी ती चिठ्ठी कुणाची हे माधवी मॅडमना मी सांगितलं, चुकून नाही, ओळखता आल्याच्या तोऱ्यात सांगितलं. माफी मागितली.

नजमा खिडकीबाहेर बघत होती. सरोज गठ्ठा बांधत होती तो तिनं पुरता बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली.

“माहीत होतं की सगळ्यांना,” ती म्हणाली. “आज सांगून तुम्ही हलक्या झालात, मॅडम. मी माझं अक्षर कुठून आणू?”

मी खोलीत येऊन दार लावलं. मला वाटत होतं, इतकी वर्षं छातीवर धोंडा आहे तो बोललं की उतरेल, आणि कुठेतरी, मनाच्या तळाशी, वाटत होतं की ती उठून माझा हात धरेल. काही झालं नाही. त्या शुक्रवारी मी डब्बा उघडला नाही. पुढच्याही नाही. किल्ली टाचण्यांच्या वाटीत पडून राहिली. आता कोण लिहिणार, आणि कशाला लिहील.

एप्रिलमध्ये सरोजचा निरोपसमारंभ झाला. शाल, हार, कुणीतरी बेसूर गाणं म्हटलं. निघताना ती माझ्यासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच काही बोलेल असं वाटलं.

“उन्हाळा आलाय,” ती म्हणाली. “पाण्याचं बघायलात ना?”

“हो हो, बघतेय,” मी म्हटलं, असल्या प्रश्नाला जे म्हणतात ते. ती क्षणभर थांबली. मग मान हलवून गेली. वर्षभरात मी तिला फोन केला नाही. नंबर काढायचे, बघायचे आणि ठेवून द्यायचे.

परवा कमिटीचं पत्र आलं. शिक्षकांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून प्रत्येक शाळेत सूचनापेटी असावी, आपल्या पेटीचा फोटो पाठवा. मला हसूच आलं. डब्ब्यावर इतकी धूळ होती की फोटोत बरा दिसणार नाही म्हणून तो खाली काढला, पुसायला घेतला, आणि आत काहीतरी सरकलं. टाचण्यांच्या वाटीतून किल्ली आणून उघडला.

वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा. वर गेल्या मार्चची तारीख, मी सगळ्यांसमोर बोलले त्याच्या पाचव्या दिवसाची. खाली इंग्रजीत एकच ओळ. दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येत नाही, मुलं परीक्षेत तहानलेली बसतात.

नाव नव्हतं. वायच्या शेपट्या खालच्या ओळीत पार लांब गेल्या होत्या आणि डावीकडे वळल्या होत्या. तारखेतल्या सातला मधे आडवी रेघ होती.

मी खाली बसले, तिथेच, स्टाफरूमच्या फरशीवर. चार वर्षं टाकून दिलेलं अक्षर तिनं माझ्यासाठी पुन्हा हातात घेतलं होतं. माफीबिफी नाही, नळ. बघू तरी ही बाई एवढं करते का, असं म्हटलं असणार तिनं. आणि ती रोज दुसऱ्या मजल्यावर जाऊन नळ फिरवून बघत असणार. पाच आठवडे. निघायच्या दिवशी तोंडानं विचारलंसुद्धा, आणि मी म्हटलं, हो हो, बघतेय.

तशीच उठून दुसऱ्या मजल्यावर गेले. नळ फिरवला. आतून सुस्कारल्यासारखी हवा आली आणि थांबली. शेजारच्या वर्गातून एक नवीन टीचर बाहेर आली, यंदाच लागलेली. तिनं मला बघून ओढणी सारखी केली.

मी तिला विचारलं, हा कधीपासून बंद आहे? ती अडखळली. म्हणाली, मी आले तेव्हापासून बंदच आहे मॅडम, आम्ही मुलांना खाली पाठवतो. मग मला का सांगितलं नाही कुणी? ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, सीनियर मॅडम लोकांनी सांगितलं होतं, आपण काही बोलायचं नाही.

एक वर्ष. सगळी शाळा, शिपायांपासून पाचवीच्या पोरांपर्यंत, जाणत होती की दुसऱ्या मजल्यावर पाणी नाही. एक प्रिन्सिपल सोडून.

प्लंबर दुपारी आला. वॉल्व्ह जाम झाला होता, वीस मिनिटांचं काम. आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. मी पदर भिजेपर्यंत तिथे उभी राहिले. मग फोन काढला, आणि या वेळी ठेवून दिला नाही.

पाच-सहा वेळा वाजल्यावर तिनं उचलला. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. मी नाव सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

“दुसऱ्या मजल्यावर पाणी आलं,” मी म्हटलं.

मग तिचा आवाज आला, हळू, जपून.

“तुला कुणी सांगितलं?”

चिठ्ठी माझ्या मुठीत होती, ओल्या हातानं शाई जरा पसरली होती.

“नाव सांगणार नाही,” मी म्हटलं.

नळ मी चालूच ठेवला होता, तिला ऐकू जावा म्हणून. कुकरची दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. तिनं फोन ठेवला नाही.